एक दिवस माझ्या आधी

स्वारगेटला बसची वाट पाहत उभी होते, तेव्हा पाळकसाहेबांचा फोन आला. सकाळचे दहा वाजले असतील. विमल ज्या चर्चमध्ये जायची तिथले हे पाळक, वयानं माझ्या मुलाएवढे, हळू बोलणारे. "बाई, विमलताई गेल्या. आत्ता, नऊ वाजता," एवढंच म्हणाले. मी इस्पितळात तिलाच भेटायला निघाले होते, पिशवीत तिच्यासाठी पेज होती. अशा वेळी माणूस विचारतं, कसं झालं, त्रास झाला का... माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "सलूला सांगितलं का?" "सांगितलं. पण तिला कळलं का, ते मला नाही कळलं."

सलू म्हणजे सलोमी, विमलची एकुलती एक मुलगी. वय तेहेतीस. तिला चालता येत नाही, बोलता येत नाही, चमचा धरता येत नाही. विमल गायकवाडनं आणि मी बिबवेवाडीतल्या एकाच शाळेत बावीस वर्षं शिकवलं. ती मूळची नगरकडची, मराठी शिकवायची, आणि शिक्षकांच्या खोलीत तिच्या जिभेला सगळे वचकून असायचे. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "गायकवाडबाई, आपण फार स्पष्ट बोलता." ही म्हणाली, "सर, मराठी शिकवते. पुटपुटून कसं चालेल?" नाताळात तिच्या करंज्यांचा डबा माझ्याकडे यायचा आणि दिवाळीत माझा तिच्याकडे जायचा. धर्माचा विषय आमच्यात त्यापुढे कधी गेला नव्हता.

सलू एकोणीस वर्षांची असताना तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती आईला ओळखेना. मेंदूज्वर निघाला. दीड महिना इस्पितळात काढून ती घरी आली ती अशी. कॉलेजात नाटकात काम करणारी, आईसारखीच तिखट बोलणारी पोर... तिला कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागायची. विमलचे यजमान शांतवन छापखान्यात होते. त्यांनी नोकरी सोडली आणि मुलीचं सगळं स्वतःकडे घेतलं. शाळा सुटली की विमल पळत घरी जायची. तेव्हा घरी माणसांची रीघ लागलेली असायची, प्रार्थना करणारे, तेल लावणारे, स्वप्न पडलं म्हणून सांगायला येणारे. बाहेरगावचे एक उपदेशक तर सरळ म्हणाले की मुलगी उठत नाही, कारण घरच्यांचा विश्वास कमी पडतोय. मी तिथंच बसले होते. विमल शांतपणे म्हणाली, "माझा कमी पडत असेल तर आपला वापरा ना. आपल्याकडे भरपूर दिसतोय." ते परत आले नाहीत.

सहाव्या वर्षी शांतवन गेले. सलूला आंघोळ घालून, तिचे केस विंचरून खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच गेले. विमलनं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि चर्चला जाणं बंद केलं. दोन वर्षं गेली नाही. पाळकसाहेब घरी यायचे, ती त्यांना चहा द्यायची आणि सांगायची, "प्रार्थना नको. बसायचं तर बसा." ते बसायचे. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं, ते खरंच नुसते बसायचे.

मग एका रविवारी तिनं सलूला चाकाच्या खुर्चीत घालून पुन्हा चर्चला नेलं. मी विचारलं, "राग गेला का तुझा?" म्हणाली, "नाही गेला. रागासकट जाते." पुढे आम्ही दोघी सलूची चादर बदलत होतो, तेव्हा आपणहून बोलली. "सगळं चांगलं होईल असं सांगणारा देव मला नको झालाय गं. पण क्रूसावर तो स्वतः ओरडला होता, मला का टाकलंस म्हणून. त्यालाही वरून उत्तर आलं नव्हतं. त्या देवापाशी मला बसता येतं. त्याला माझं घर माहीत आहे." मी हिंदू घरातली, आणि खरं सांगायचं तर देवाधर्मात फारशी नसलेली. मी चादरीचं माझ्याकडचं टोक गादीखाली खोचलं. पण तेव्हापासून तिला थोडं बळ आलं, हे मी पाहिलं. ज्यांच्या घरात असं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे अशा बायका तिच्याकडे येऊ लागल्या. ती त्यांना धीर वगैरे देत नसे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं ते दाखवायची, आणि शेवटी त्यांचा हात धरून दोन वाक्यांची प्रार्थना करायची.

तिची स्वतःची प्रार्थना मला पाठ होती, कारण ती उघडच म्हणायची. "प्रभू, सलूला माझ्या आधी ने. फार नको, एक दिवस आधी." आईनं असं मागावं... पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते सहन झालं नाही. नंतर मीही मनातल्या मनात तेच मागू लागले.

गेल्या वर्षी तिला कावीळ झाली, आणि तपासण्यांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी चार महिने सांगितले. घरी परतताना रिक्षात मी म्हटलं, "होईल गं काहीतरी." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू तरी नको असं बोलू." मग सलूसाठी जागा शोधणं सुरू झालं. तीन संस्थांनी नकार दिला. एवढ्या देखभालीची मोठी मुलगी त्यांना जमणार नव्हती. त्या दिवसांत एकदा तिनं मला विचारलं, "तू घेशील का तिला?" आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आमच्या ह्यांना कंपवात. ही सगळी कारणं खरी होती. मी त्यातलं एकही बोलले नाही. तीच म्हणाली, "बरं. विचारलं नसतं तर तुलाच वाटलं असतं, मला का नाही विचारलं." आणि उठून सलूला औषध द्यायला गेली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. शेवटी पाळकसाहेबांनी वाघोलीला एक जागा मिळवली.

इस्पितळात तिनं मला सलूची सगळी यादी लिहून घ्यायला लावली, कुठल्या कुशीवर किती वेळ, कुठलं औषध कशातून, कुठल्या आवाजाला ती दचकते. मग दमून म्हणायची, "जरा शास्त्र वाच," म्हणजे तिचं बायबल. एकदा वाचताना मी थांबले, मला वाटलं तिला झोप लागली. "वाच," ती म्हणाली. "पटत नाहीये आज. पण ऐकायचंय." शेवटच्या आठवड्यात मी न राहवून विचारलं, "ती प्रार्थना अजून करतेस?" तिनं मान हलवली, होय म्हणून. चर्चच्या बायका आळीपाळीनं घरी सलूजवळ राहत होत्या. सलूला काहीही झालेलं नव्हतं. तिची तब्येत ठणठणीत होती.

दफनानंतर चौथ्या दिवशी मी आणि पाळकसाहेब सलूला वाघोलीला सोडून आलो. यादी दिली. त्यानंतर तीन आठवडे मी तिकडे फिरकले नाही. ह्यांची तब्येत, माझे गुडघे... लाज वाटत होती, हे खरं कारण. गेले तेव्हा सलूच्या नाकाजवळ चिकटपट्टीचा लाल व्रण दिसला. तिला सांभाळणाऱ्या चंद्रकलाबाई यवतमाळकडच्या. त्या म्हणाल्या, "तोंडच उघडत नव्हती जी ही. डोळे मिटून घे अन् दात घट्ट. मले वाटलं, चव नसंल. शेवटी डॉक्टरनं नाकातून नळी टाकली, सहा दिवस. मंग ते तुमचे पाळक आले, हिच्यापाशी उभं राहून प्रार्थना केली, अन् आमेन म्हणल्याबरोबर पोरीनं आ केला पाहा!"

चौदा वर्षं मी ते पाहत आले होते. विमल घास हातात धरून डोळे मिटायची, पुटपुटायची, आमेन म्हणायची, मगच सलू तोंड उघडायची. चर्चच्या बायकाही प्रार्थना केल्याशिवाय घास देत नसत, आणि यादीत ते नव्हतं. विमलला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल, श्वास घ्यायचा असतो हे कोण लिहून देतं? पण मला आठवायला हवं होतं.

आता दर गुरुवारी मी दुपारच्या जेवणाला जाते. विमलला जाऊन दहा आठवडे झाले. सलू दाराकडे बघत असते. कुणी आत आलं की बघते, आणि मग मान भिंतीकडे वळवते. मला पाहूनही तशीच वळवते. चंद्रकलाबाई नुसतंच आमेन म्हणून भरवतात, त्यांना बाकीच्या सातजणींना भरवायचं असतं. माझ्याकडे वेळ असतो. मी वरणभात कालवते, घास घेते, डोळे मिटते. त्या देवाशी काय बोलायचं ते मला कळत नाही. तू एक दिवसही दिला नाहीस, एवढंच मनात येतं, आणि त्यापुढे काही येत नाही. सलू डोळे मिटून वाट पाहत असते. मग मी आमेन म्हणते, आणि ती तोंड उघडते.