शुभासाठी लावलेला कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आई गेली तिलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्यातले नाही, म्हणून असेल.

शुभा माझी धाकटी बहीण. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही रत्नागिरीत राहायचो. बाबा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. शुभा कॉलेजात गेली आणि जेवेनाशी झाली. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार — उपासच उपास. आईला केवढं कौतुक. घरात बांगडा तळला की शुभा आपला तुकडा भाताखाली दडपायची आणि मागच्या दारी मांजरीला घालायची. मला दिसायचं. "मांजरीनं बाळसं धरलंय हो," असं मी चिडवायचे. मग तिचे केस गळायला लागले, पाळी थांबली, भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायला लागली. तेव्हा माझं चिडवणं थांबलं.

आमच्या डॉक्टरांनी टॉनिकवर भागवलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, हा पोटाचा आजार नाही, मनाचा आहे. गावातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत, अशा मुली त्यांनी बऱ्या केल्यात, घेऊन जा. आमच्या घरून चालत जाण्यासारखं अंतर. लोक औषधपाण्यासाठी मुंबई गाठायचे, आणि आम्हाला ते दाराशी होतं. पण त्या फाटकातून आत जाताना कुणी पाहिलं तर? सगळं गाव त्याला वेड्यांचं इस्पितळच म्हणायचं.

आणि माझं लग्न ठरत होतं. मालगुंडचं स्थळ. हे आधी सांगायला हवं होतं — बघा, अजूनही लपवतेच आहे.

आईचं काही ठरेना. शेवटी म्हणाली, देवीला कौल लावू, ती सांगेल तसं करू. ज्या दिवशी जायचं, त्याच दिवशी आई बाजूला बसली, तिला देवळात जाणं चालणार नव्हतं. बाबा बोटीवर. म्हणून मला एकटीला धाडलं. गुरवकाकांनी देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं — पोरीला त्या इस्पितळात न्यायची की नाही? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको.

उजवी पडली. लगेच पडली.

"उजवा दिलान गो आईनं," गुरवकाका म्हणाले. "न्या पोरीला. आता वेळ नको लावू."

वाटेत मी फार विचार केला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? नाही केला. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटायची होती, एवढंच डोक्यात. आई मागच्या पायरीवर बसली होती, शुभा तिच्या शेजारी. मी म्हटलं — डावा आला.

आईने हात जोडले. शुभाने मान वर केली. "नको म्हणाली?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिला जायचं होतं हो. आदल्याच दिवशी मला म्हणाली होती, "ताई, मला खायचं असतं गो, पण जमतच नाही." हे ऐकलेलं असून मी तसं बोलले.

माझं लग्न झालं, चांगलं झालं. लग्नात गुरवकाकांनी विचारलं, नेलंत ना तिला? मी म्हटलं, नेलं, औषध चालू आहे.

दिवाळीत बाबा घरी आले आणि शुभा त्यांच्यादेखत चुलीपुढे कोसळली. त्यांनी कौल नाही लावला की कुणाला विचारलं नाही. रिक्षात घालून थेट त्याच इस्पितळात नेलं. "इतके दिवस कुठे होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आई म्हणाली, देवीचा कौल नव्हता. मी तिथेच उभी होते.

शुभा बरी झाली, पण वर्षं लागली. हृदय कमजोर झालं ते कायमचं. हे आधी टळलं असतं, असं त्या बाई माझ्यासमोर म्हणाल्या.

आता ती साठीला टेकलीय. दोन वेळा नीट जेवते. दरवर्षी जत्रेला आम्ही दोघी जातो, पण ती देवळात येत नाही. बाहेर पारावर बसते. "तू जा ताई, मला ती नको म्हणालीय," म्हणते. रागाने नाही, अगदी साधं म्हणते. देवीला आपण नकोशा झालो होतो, असंच ती आयुष्यभर समजत आलीय. एका वाक्याचं काम आहे, आणि ते मी केलेलं नाही.

मी आत जाते, ओटी भरते, आणि बाहेर येऊन तिच्या शेजारी बसते.