आपल्याच विक्रीची दुभाषी

आमची तमारमावशी जन्मली ती अलाबामात, कूसा नदीकाठच्या मस्कोगी या मूळ रहिवासी जमातीच्या गावात. तिची आई काळी, गुलाम, बाळंतपणातच गेली. मालकीण सीमाहोई मस्कोगी. तिने पोरीला आपल्या मुलीबरोबर वाढवलं. खायला तीच मक्याची आंबट पेज, बोलायला तीच भाषा. तमार तिला आईच म्हणायची. इंग्रजी ती नदी ओलांडायच्या उतारावर व्यापाऱ्यांकडून शिकली. गावात गोरं कुणी आलं की बोलायला तिलाच पुढे करायचे.

गोऱ्यांची रीघ लागली त्या साली एलिशा प्रुएट आला. बायको तापाने फणफणलेली, गाडीत खायला दाणा नाही. सीमाहोईने दोघांना हिवाळाभर पोसलं, ओढ्यापलीकडे खोपटं बांधू दिलं. सरकारने तहात दर मस्कोगी घराला जमिनीचा तुकडा राखून दिला होता आणि तो लुबाडायला दलाल दारोदार फिरत होते. प्रुएट म्हणाला, जमीन नावापुरती माझ्याकडे ठेवा, गोऱ्याच्या जमिनीला कुणी हात लावणार नाही, राहायचं तुम्हीच. तमारने ते सगळं आईला मस्कोगीत सांगितलं, वर पदरचं एक घातलं: माणूस बरा आहे. सीमाहोईने कागदावर खूण केली.

पुढच्या पेरणीला प्रुएटने कुंपण घातलं. सीमाहोई विचारायला गेली, तर जमीन आपण विकत घेतलीय, असं त्याने दारातूनच सांगितलं. मग सैनिक आले. साऱ्या मस्कोगींना मिसिसिपी नदीपलीकडे, पश्चिमेला हाकलायचं ठरलं होतं. सीमाहोईची मुलगी तोवर वारली होती; तिची तान्ही-लहान पोरं म्हातारीच्या गळ्यात होती आणि जायचं होतं पायी.

निघायच्या आदल्या सकाळी प्रुएट बैलगाडी घेऊन अंगणात आला. तमारला वाटलं, याला लाज वाटली असेल.

"म्हातारीला विचार," तो म्हणाला. "गाडी न् बैलजोडी देतो. बदल्यात तू."

तमारने तसंच सांगितलं. दुसरं काही सांगितलं असतं तरी दोघांनाही कळलं नसतं. पण आई नाही म्हणणार, याची तिला खात्री होती.

सीमाहोईने नातवंडांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बैल म्हातारे नाहीत ना, विचार त्याला."

तमारने विचारलं. बैल तरणे आहेत, असं प्रुएट म्हणाला. तेही तिने सांगितलं.

गाडी निघताना सीमाहोई तिच्या गालाला हात लावायला वाकली. तमार मागे सरली.

त्याच जमिनीवर तिने प्रुएटचा कापूस वेचला. तिचा एकुलता मुलगा त्याने न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात विकला, तो पुन्हा दिसला नाही. उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपून गुलामांची सुटका झाली तेव्हा ती त्याच नदीकाठच्या आमच्या काळ्यांच्या वस्तीत आली, माझ्या शेजारी राहिली, लोकांचे कपडे धुऊन पोट भरलं. प्रुएटचं नाव निघालं की आम्ही बायका त्याला शिव्या घालायचो. ती कपडे पिळत राहायची. एकदा मी विचारलंच, तुला राग येत नाही का त्याचा?

"त्याचा कशाला येईल?" ती म्हणाली. "तो माझा कोण होता?"

शेवटच्या आजारात तिची इंग्रजी गेली. मस्कोगीत काहीतरी मागत राहायची. आम्ही अंदाजाने पाणी पाजायचो. ती दोन घोट घ्यायची आणि परत तेच मागायची. काय म्हणतेय ते सांगायला त्या नदीकाठी कुणी उरलंच नव्हतं.