पोट नव्हतंच दुखत

गेल्या महिन्यातला एक रविवार. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी माझा भाचा सागर क्रिकेट खेळून आला, तो वाकूनच. "पोटात दुखायलंय, आत्या," एवढं म्हणून खोलीत जाऊन आडवा झाला.

सागर गावाकडे, पिशोरला राहणाऱ्या माझ्या भावाचा मुलगा. सव्वीस वर्षांचा आहे, इथे नोकरीला लागल्यापासून माझ्याकडेच राहतो. बाहेरचं खाल्लं असशील, असं ऐकवून मी त्याला ओवा दिला, मग आठवडाभर मऊ खिचडी... तो मुकाट्याने खात राहिला.

दुखणं थांबेना तेव्हा मीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी प्रश्न त्याला विचारला, उत्तर मी दिलं. "याचं पोट दुखतंय."

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा." मला रागच आला. "माझ्यासमोर बोलू द्या, मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलंय," म्हणाले. सागर फरशीकडे बघत होता... शेवटी मी उठले.

मग डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं: खेळताना चेंडू लागला होता, पण पोटाला नाही. अंडकोषाला लागला होता. सोनोग्राफी केली, तर तिथे गाठ दिसली.

"ही चेंडूने झालेली नाही, आधीचीच आहे," डॉक्टरांनी सांगितलं. "मार लागला म्हणून तपासलं गेलं, एवढंच."

परतताना रिक्षात मी त्याला झापलं. हाताला काही कळलं नव्हतं का आधी?

"दिवाळीपासून कळत व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू, आत्या? तुमच्या घरात मी बनियनवर पण फिरत नाय. चड्डीसुद्धा टॉवेलखाली वाळत घालतो."

हे नियम माझेच.

ऑपरेशन झालं, त्या बाजूचा अंडकोष काढावा लागला. गाठ कॅन्सरची निघाली. पसरलेली नाही, बरा होईल असं डॉक्टर म्हणतात, पण तपासण्या चालू राहतील.

एवढं होऊनही भावाचा फोन आला तेव्हा मी काय सांगावं? हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून. कॉटवर पडल्या पडल्या सागरने हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

"हर्निया नाय, बाबा," म्हणाला, आणि काय झालंय ते नाव घेऊन सांगितलं. पलीकडून भाऊ म्हणाला, "व्हय... येतो मी. सकाळच्या गाडीनं."

बस. एवढंच बोलायचं होतं, आणि ते मला जमलं नव्हतं. अजून सागरकडे सरळ बघवत नाही.

हे लिहू का, असं त्यालाच विचारलं. "लिहा," म्हणाला. "पण पोट म्हणून लिहू नका."

नाही लिहिलं. तुमच्या घरी तरुण मुलं असतील तर कुठे दुखतंय का, गाठ लागतेय का, ते विचारा त्यांना... आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या.