सायलीच्या बॅनरची घाई कोणाला होती

पोरगी विमानात बसायच्या आधीच कोलशेतच्या नाक्यावर तिचा फोटो टांगून खाली "कॉम्प्युटर इंजिनिअर" लिहायची घाई कोणाला झाली होती? अजून कॉलेजचं तोंड पण बघितलं नव्हतं तिने.

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. मी सायलीची आजी.

आज सकाळी तिचा कॅनडाहून फोन आला. म्हणाली, "आजी, वर्ष झालं, कॉम्प्युटर डोक्यात शिरत नाही. इथे पाण्याचा आणि मासळीचा विषय आहे. मी त्या वर्गात बसून बघितलं. मला तोच घ्यायचाय."

"मासळी शिकायला एवढ्या लांब गेलीस? मी टोपलीपाशी बसवलं असतं."

"विकायची नाही गं. खाडीतली मासळी का मरते ते शोधायचं."

मी अर्धा जन्म खाडीची मासळी विकली, आता बाहेरची विकत आणून खाते. का, ते मला कोणी सांगितलं नाही.

तेवढ्यात तिच्या बापाने फोन घेतला. "लोकांना काय सांगू? बॅनर लावलेला आपण," म्हणाला आणि ठेवून दिला. तेव्हापासून तिचा फोन उचलत नाही. तिला शुक्रवारपर्यंत कॉलेजात कळवायचंय, आणि बाप हो म्हटल्याशिवाय ती कळवायची नाही.

मला आता भांडायचा पण कंटाळा आलाय. तुमच्या घरी पोरांचे विषय कोण ठरवतं? नको, सांगू नका. अंगठे आणि जोडलेले हात पण नकोत. उत्तर फक्त सायलीच्या बापाने द्यायचं, तेही इथे नाही, तिला फोन करून.