वजा शर्यत

बिभीषणाला वजाबाकीचं वेड आहे असं त्याची बायको वृषाली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि तिचं काही चुकत नाही. श्रीगोंद्यात तहसील कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पण गाव त्याला ओळखतं ते कॉम्प्युटरवर काहीही हुडकून देणारा माणूस म्हणून. कुणाला जुन्या इंजिनाचा पार्ट हवा असतो, कुणाला शेळीच्या पोटफुगीवर उपाय, कुणाला लेकीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी. आधी लोक आपापल्या मोबाइलशी बोलून बघतात, भलतंच काहीतरी येतं, मग वैतागून दुकानातल्या बाकावर येऊन टेकतात. बिभीषण त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकतो, बाह्या सरसावतो आणि म्हणतो, नीट विचारलं तर नीट सांगतंय ते.

नीट विचारायचं म्हणजे खुणा लावून विचारायचं. नगरला एका नेट कॅफेत कामाला होता, तेव्हा तो हे शिकला. शब्दाच्या आधी अधिकची खूण लावली की तो शब्द पाहिजे म्हणजे पाहिजेच. वजा लावला की तो शब्द असलेली पानं बाद. अवतरणात घातलं की जसं लिहिलं तसंच, काना-मात्रेचाही फरक खपणार नाही. वजा शब्दाला अगदी चिकटून हवा, मधे जागा सोडली की घात, हे तो लोकांना इतक्या कळकळीनं सांगतो की जणू त्यांच्या लेकराच्या पत्रिकेतला दोष सांगतोय. ऐकणारे मान डोलावतात आणि पुढच्या खेपेला परत त्यालाच विचारायला येतात.

मग एक दिवस अधिकची खूण चालेनाशी झाली. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, काढून टाकली. बिभीषणाला दोन घास गोड लागेनात. पुढं ती नागमोडी खूण गेली, जवळच्या अर्थाचे शब्द ओढून आणणारी. ती त्यानं फारशी कधी वापरली नव्हती, तरी तिचंही सुतक पाळलं. आता तर आपण प्रश्न टाकला की मशीन वरच्या बाजूला स्वतःच उत्तर लिहून मोकळं होतं. माणसासारखं बोला, खुणाबिणांची गरज नाही, असं लोक सांगू लागले. बिभीषण काही ऐकेना. राहिलेला वजा आणि राहिलेलं अवतरण त्यानं घट्ट धरून ठेवलं. घरीसुद्धा भाजी काय करू असं वृषालीनं विचारलं, तर म्हणतो, काहीही कर, वजा दोडका. ती मुद्दाम दोडकाच करते आणि सांगते, मधे जागा सोडली होती तुम्ही.

या माणसाच्या खुणांवर छबूबाईचा जीव अडकला होता.

छबूबाई मूळची पाथर्डीकडची. नवऱ्याबरोबर ऊस तोडायला म्हणून श्रीगोंद्याला आली आणि इथलीच झाली. नवऱ्याचं नाव कारभारी, आणि हीच मोठी पंचाईत. आपल्याकडं जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'आमचं कारभारी' म्हणून वेळ मारून नेतात. हिला तीही सोय नव्हती. ती 'मालक' म्हणायची. तो वारला त्याला बरीच वर्षं झाली, अजून मालकच म्हणते.

निराधार योजनेचा फॉर्म भरायला ती पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा बिभीषण एका मास्तरांसाठी ऊसतोडीचे फोटो हुडकत होता. पडद्यावर बैलगाडीपुढं उभा असलेला एक माणूस आला. मुंडासं सैल झालेलं, अंगाला पाचटाचा कचरा चिकटलेला आणि तोंड भरून हसू. छबूबाई फॉर्म विसरली. कुणा फोटोग्राफरनं गाळपाच्या हंगामात काढून आपल्या वेबसाइटवर टाकलेला तिच्या मालकांचा फोटो होता तो. घरात कारभारीचा दुसरा फोटो म्हणजे मतदानाच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात तो अशा मुद्रेनं बसलाय की कुणी त्याचे बैल सोडून नेलेत. मुळात माणूस अबोल होता. हसणं त्याच्या खात्यात नव्हतंच.

बिभीषणानं लगेच प्रिंट काढायला घेतली, तर तिनं हात धरला. कागदावर काढला की भिंतीवर लावायचा आला, भिंतीवर लावला की पोरं हार घालणार, आणि हार घातला की माणूस गेलाच म्हणायचा. हितं हाय तर हाय, मी येऊन बघत जाईन, असं तिनं ठरवून टाकलं. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी भाजी घेऊन झाली की ती दुकानात येते, पिशवी बाकाखाली सरकवते आणि मालकांना भेटून जाते. भेट म्हणजे काय, बराचसा वेळ ती त्याला बोलच लावायची. त्या फोटूवाल्याला बघून हसलं, मला बघून जन्मात हसलं नाही, ही तिची कायमची तक्रार. बिभीषण हसायचा आणि फॉर्म भरत राहायचा. खरं सांगायचं तर त्याला या बाईचा फार लळा लागला होता, आणि तिची वेळ टळून गेली की तो रस्त्याकडं बघत बसायचा.

फोटोचा पत्ता त्यानं कधी लिहून ठेवला नाही. गिऱ्हाइकांची माहिती उघडी पडू नये म्हणून तो रोज दुकान बंद करताना मशीनची सगळी पाटी पुसून टाकायचा. त्याला वाट तोंडपाठ होती. अवतरणात 'अहमदनगर', अवतरणात 'ऊस बैलगाडी', आणि वजा शर्यत. हा वजा फार मोलाचा. नुसतं बैलगाडी म्हटलं की शर्यतींचे व्हिडिओ धुरळा उडवत येतात, त्या गर्दीत कारभारी कुठला सापडायला. वजा शर्यत म्हटलं की मैदान मोकळं, आणि पहिल्याच ओळीत मालक हसत उभे.

आणि यंदा एका बाजारच्या दिवशी ते उभे राहिले नाहीत.

पडद्यावर जुनीपुराणी पानं आली, कारखान्याच्या सभेच्या बातम्या आल्या, फोटो नाही. बिभीषणानं पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा तेच आलं. त्यानं छबूबाईला सांगितलं की आज नेट गेलंय. ती पिशवी उचलून गेली. पुढच्या बाजारी नेट गेलंय म्हणायची सोय नव्हती, कारण शेजारी एका पोरीचा दाखला धडाधड निघत होता. छबूबाईनं त्या पडद्याकडं पाहिलं, मग बिभीषणाच्या तोंडाकडं पाहिलं.

"मालक गेलं का रं तितनं पन?" ती हळूच म्हणाली.

बिभीषणानं कीबोर्ड पुढं ओढला. हुडकतोय मावशी, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

नंतरचे दिवस त्यानं दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. बैलगाडीऐवजी छकडा लिहून पाहिलं, ऊसऐवजी गाळप, हंगाम, कारखाना. शर्यत वजा, बातमी वजा, ट्रॅक्टर वजा. मशीनला माणसासारखंही विचारून पाहिलं, तर त्यानं बैलगाडीनं ऊस वाहण्याचे फायदे-तोटे मुद्देसूद लिहून दिले. 'अहमदनगर' काढून पाहिलं, तर अख्ख्या महाराष्ट्राच्या बैलगाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणून तो शब्द त्यानं परत जागेवर बसवला, अवतरणासकट. वृषालीनं रागावून सांगितलं, तेव्हाच प्रिंट काढून लपवून ठेवायची होती. ते बरोबरच होतं, पण छबूबाईनं धरलेला हात त्याला अजून आठवत होता, आणि तिच्या माघारी तसं करणं त्याच्यानं झालं नसतं.

उलगडा झाला तो एका डोमिसाइलच्या फॉर्मवर. समोर मांडवगणचा एक गडी पत्ता सांगत होता आणि बिभीषण टाइप करत होता. तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर. तिथं त्याची बोटं थबकली. जिल्ह्याचं नाव बदलल्यापासून हे नवं नाव त्यानं लोकांच्या फॉर्मवर इतक्या वेळा लिहिलं होतं की आता बघावंही लागत नव्हतं. लोकांची दुरुस्ती तो दिवसभर करत बसला होता. बोलताना तर सगळे नुसतं 'नगर'च म्हणतात, त्यामुळं जुनं काय नि नवं काय, हा प्रश्न कधी जिभेवर आलाच नव्हता. आणि स्वतःच्या शोधात मात्र जुनंच नाव, तेही अवतरणात, जसंच्या तसं. वेबसाइटवाल्यानं नाव बदललं असेल, तर बिभीषणच आपल्या हातानं कारभारीला दाराबाहेर ठेवत होता.

त्या गड्याला जरा थांब म्हणून त्यानं नवं नाव लिहिलं. बाकी सगळं तसंच, वजा शर्यतसुद्धा. पहिल्याच ओळीत मुंडासं दिसलं, आणि बिभीषणाचे डोळे भरून आले. मांडवगणच्या गड्याला वाटलं आपल्याच कागदात काहीतरी खोट निघाली.

बाजारच्या दिवशी छबूबाई आली ती दारातच रेंगाळली. त्यानं तिला हाताला धरून आत आणलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. वेबसाइटवाल्यानं नुसतं नाव बदललं नव्हतं, सगळं पान नव्यानं मांडलं होतं. पूर्वी फोटो लहान आणि कडेनं कापलेला दिसायचा, आता तो मूळचा, आडवा, पडदाभर होता. छबूबाईनं आधी मालकांना डोळे भरून पाहून घेतलं. मग तिची नजर डावीकडं गेली. पूर्वी न दिसणाऱ्या त्या भागात उसाची एक मोळी सुटून विस्कटली होती, आणि कांड्यांच्या मधोमध एक बाई फतकल मारून बसली होती, पदर तोंडाला लावून. कारभारी तिच्याचकडं बघत होता.

"ते लुगडं माझं हाय," छबूबाई म्हणाली. मग पडद्याजवळ वाकून म्हणाली, "मोळीचा बंद तुटला हुता. मी पडले, म्हनून हसत हुतं व्हय."

फोटोखाली आता नावही दिलं होतं. बिभीषणानं ते मोठ्यानं वाचलं, 'एक कोयता'. उसाच्या फडात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांवर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटं माणूस अर्धा कोयता.

छबूबाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं पडद्यावर बोट टेकवलं, आधी त्याच्यावर, मग स्वतःवर.

"ह्यो कागदावर काढ," ती म्हणाली. "मोठा काढ. भिताडाला लावायचा हाय."

बिभीषणानं चाचरत विचारलं, मावशी, आणि पोरांनी हार घातला तर.

"कसा घालत्याल? मी जिती हाय न्हवं त्यात."

बिभीषणानं प्रिंटरमधला साधा कागद काढला आणि खणातला चांगला जाड कागद शोधायला घेतला.