योग्य जाडीची वायर

ताई वारली त्या दिवशी मी शिरूरला शाळेत होते. शिपाई वर्गाच्या दारात आले. मी खडू ठेवला आणि दौंडच्या एसटीत बसले.

इनामगाव मागे पडेपर्यंत मला आठवत राहिली एक वायर, आणि तिच्यापायी आम्ही घरात घातलेला धिंगाणा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ताईने आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं आणि ती कुरकुंभला एका कारखान्यात शिफ्टला जायची. मी शिरूरच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते. दौंडला आमच्या वॉर्डातल्या विहारात जयंतीला गाण्यांचा कार्यक्रम असायचा. बायका मागे कोरसला, पुढे वाद्यांवर पुरुष. ताईला पुढे बसून वाजवायचं होतं. गाण्याचं मंडळ चालवणारे, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते थट्टेनं म्हणाले होते, "की-बोर्ड भाड्यानं येतो तो वाजवणाऱ्यासकट. तुझं सोताचं वाद्य आन, मग बस की पुढं. कोन न्हाई म्हनतंय?"

ताईने तो शब्द धरून ठेवला.

एका इंग्रजी मासिकात घरी बनवायच्या सिंथेसायझरची, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या वाद्याची, आकृती आली होती. मी वाचून मराठीत सांगायची, ताई जोडायची. प्रत्येक सुट्या भागाचं माप दिलेलं होतं. वायरीबद्दल मात्र एवढंच: योग्य जाडीची वापरावी.

"योग्य म्हंजी किती?"

"दिलं नाहीये."

"परत वाच."

परत वाचलं. नव्हतंच.

आमचे वडील, आप्पा, थेट खुटबावपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "जाड घ्या. बारीक तारंनं किती मोटारी जळाल्या, मला इचारा."

आमच्या घरात यावर वाद नव्हता. घराच्या फिटिंगची उरलेली वायर घेतली. आत एकच तांब्याची तार, काडीसारखी ताठ. ती तापेपर्यंत ताईने डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न धरून ठेवलं, तेवढ्यात सगळे भाग जोडायच्या बोर्डावरची तांब्याची पट्टीच उचलून आली. वाद्याच्या लाकडी पेटीचं झाकणही बसेना. आतल्या वायरी त्याला खालून ढकलत होत्या.

"आप्पा, ह्याच्यात मोटार न्हाई वो!"

"मग आवाज कशानं येनार हाय?"

मी हसून हसून पोट धरलं. ताईही हसली, आणि दुसरा बोर्ड करायला बसली.

आता टेलिफोनची वायर. बारीक, रंगीत, कशीही वळवा. प्लायवूडच्या झाकणावर दारावरच्या बेलची बटणं बसवली होती. एका बटणाला एक सूर. ताईने पहिलं बटण दाबलं आणि स्पीकर वाजला! नाकातून भोंगा वाजावा तसा आवाज, पण आवाज. आम्ही दोघी हात धरून नाचलो. आप्पा अंघोळ अर्धवट टाकून पंचावर बाहेर आले. "कोन वरडलं?"

सूर लावायला झाकण उघडलं, तर तो सूरच गेला. जोडापाशी तार तुटली होती. ती जोडली. पुन्हा उघडलं, शेजारची तुटली. झाकण उघडल्याशिवाय सूर लागत नव्हते आणि उघडलं की वायरी तुटत होत्या. जयंती उद्यावर आली होती.

ताईने एक तुकडा घेतला, बोटात मागेपुढे वाकवला. तुटला. मग जुन्या रेडिओची वायर सोलून तिच्यातल्या केसासारख्या तारांची जुडी तशीच वाकवली. वाकवतच राहिली. ती तुटेना.

"उठ. बाजारात चल."

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून तसल्या पिळाच्या तारांची बारीक वायर घेऊन आम्ही अक्षरशः पळत आलो. यावेळी झाकण कितीही उघडलं तरी सूर जागेवर. फक्त आवाज मोठा केला की सूर डळमळायचा. ताई वायरींकडे बघत बसली.

"आप्पा, हिरीवरनं केवढा पाइप टाकत्यात?"

"मोठा. आन् सरीला बारका. का गं?"

तिने सगळ्या बोर्डाला वीज पुरवणाऱ्या दोन वायरी काढून जाड घातल्या. बटणांच्या बारीकच ठेवल्या. सूर स्थिर झाला.

"मी काय म्हनत हुतो? जाड घ्या!"

"दोनच, आप्पा! दोनच!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारात मामांनी पेटी बघितली. "बटनं दाबल्याव पाहुनं तर न्हाई ना यायचं दारात?" सगळे हसले. ताई मागच्या रांगेत मांडीवर पेटी घेऊन बसली आणि तिने गाण्याची पहिली ओळ वाजवली. हसू थांबलं. मी कोरसमध्ये होते, पण माझं सगळं लक्ष झाकणाकडे होतं. दुसरं कडवंही पार पडलं. मामांनी माइक उचलून तिच्यापुढे ठेवला.

"आता फुडं सरक, बाई. लोकांना दिसू दे."

त्यानंतर दर जयंतीला ती पुढेच बसली. नंतर तिने बाजारातला की-बोर्ड घेतला.

घरी बनवलेलं वाद्य आता शिरूरला माझ्याकडे आहे. खालचा सा सोडून सगळे सूर लागतात. दौंडच्या विहारात वाद्यांच्या रांगेत आता दोन मुली बसतात. मी ऐकायला जाते.