अर्ज केलेला खांब

गुणाजी कोळ्याची अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे, म्हणून त्यानं गच्चीवर उभारलेल्या रेडिओच्या एरियलच्या खांबासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज केला! साल अठ्ठ्याऐंशी. डोंबिवलीतल्या त्या चार मजली बिल्डिंगीत निम्म्या लोकांनी गॅलऱ्या बंद करून खोल्या काढलेल्या, तळमजल्यावरच्यानं तर ओटा रस्त्यापर्यंत आणलेला. एकानंही कुणाला विचारलं नव्हतं. आणि हा शहाणा वीस फुटी लोखंडी पाइपासाठी तीन प्रतींत अर्ज देऊन आला.

"कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" त्याची बायको कलावती म्हणाली.

"अगं, माझ्याकडे दिल्लीचा परवाना आहे. लपवायचं काय त्यात?"

वागळे इस्टेटमध्ये मोटारींचं वाइंडिंग करणारा साधा माणूस. हौशी रेडिओची परीक्षा त्यानं दुसऱ्या खेपेला काढली आणि परवाना फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी टांगला. घरी बनवलेल्या सेटवरून तो रोज सकाळी साडेसहाला कुडाळच्या दौलतशी बोलायचा. दोघं एकाच वर्कशॉपातले, परीक्षेचा अभ्यासही एकत्र केलेला. प्रेसखाली पाय गेल्यावर दौलत गावी परतला. घरात फोन नाही, अंगणापलीकडे जाणं नाही. "तू बोललास की मगच मी चहा घेतो," म्हणायचा.

अर्जामुळे फाइल उघडली. फाइल उघडली म्हणजे नोटीस आलीच: विनापरवाना बांधकाम, पंधरा दिवसांत काढा.

गुणाजी भिंतीवरची फ्रेम काखेत मारून धावला. कारकुनानं ती उलटसुलट करून पाहिली.

"वायरलेस म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीत. खांबासाठी दिल्लीची ना-हरकत आणा."

हातापाया पडून त्यानं मुदत मिळवली, दिल्लीला पत्र टाकलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं: परवाना यंत्राचा आहे, खांबाचं स्थानिक पालिका बघेल. गुणाजी आनंदानं ते घेऊन गेला. कारकुनानं वाचलं आणि मान डोलावली.

"बघा, तेच म्हणतात आम्ही बघायचं. मग आम्ही म्हणतो, काढा."

गुणाजीचं डोकंच फिरलं. "अहो, आमच्या बिल्डिंगीतल्या गॅलऱ्या दिसत नाहीत का तुम्हाला?"

"त्यांचा अर्ज कुठाय आमच्याकडे? अर्ज नाही तर फाइल कसली?"

घ्या, कपाळ! दौलतला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. पडल्या पडल्या जिवाला घोर लावून घेईल म्हणून.

पालिकेची माणसं एका सोमवारी दुपारी आली, गुणाजी कामावर असताना. गॅस कटरनं दहा मिनिटांत काम उरकलं. बंद गॅलऱ्यांच्या खिडक्यांतून सगळी बिल्डिंग बघत होती.

संध्याकाळी गुणाजीनं दौलतला पत्र टाकलं. ते पोचायला चार दिवस तरी लागणार होते. मग खोलीतल्या खोलीत तार ताणून त्यानं सेट जोडला. सकाळी दौलतचा आवाज खरखरत का होईना, पण आला.

"गुणाजी, ऐकतोयस का रे?"

"ऐकतोय रे, बोल!"

पण त्या तारेवरून याचा आवाज कुडाळपर्यंत जात नव्हता. दौलत अर्धा तास हाका मारत राहिला. बुधवारीही तेच. गुरुवारी कलावती म्हणाली, "बंद करा तो, ऐकवत नाही." गुणाजीनं माइक दोन्ही हातांनी तोंडाशी धरला होता.

"काय झालं रे?" पलीकडून दौलत विचारत होता. "माझ्यावर रागावलास का? माझं काही चुकलं का?"